दोन लहान देश आणि आपली मोठी वाक्ये

परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला दोन खोडी जडतात. पहिली स्वतःच्या मुलखाचे गोडवे गाण्याची, आणि दुसरी कोणत्या तरी तिसऱ्याच देशाचे गोडवे गाऊन स्वतःच्या मुलखाला नावे ठेवण्याची. पहिली खोड निरुपद्रवी आहे. घरापासून दूर पडलेल्या माणसाला तेवढा विरंगुळा हवाच. दुसरीबद्दल मात्र आम्हांला चार शब्द लिहिणे भाग पडले आहे, कारण आमच्या मारतहळ्ळीच्या मराठी मंडळींत तिला अलीकडे ऊत आला आहे.

गेल्या संक्रांतीच्या स्नेहसंमेलनात तिळगुळाबरोबर एक व्याख्यानही वाटले गेले. वक्ते सद्गृहस्थ, बहुश्रुत, पुष्कळ हिंडलेले. त्यांचा सिद्धान्त असा, की देश लहान असला म्हणजे सुखी असतो. कारभार हाताच्या तळव्यावर मावतो, माणसे शिस्तीत राहतात आणि संस्कृती टिकते. दाखल्यासाठी त्यांनी दोन देश निवडले, मॉरिशस आणि इस्राएल. निवडीमागचे कारण उघड होते. दोन्हीकडे आपली मराठी माणसे आहेत. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी मिळते, आणि इस्राएलमध्ये वाळवंटाचे नंदनवन झाले व त्यात आमच्या कोकणच्या बेने इस्राएलांचाही हात लागला. 'तेवढ्याशा देशांना हे साधते, मग आपल्याला का साधू नये?' या प्रश्नावर टाळ्या पडल्या. त्यानंतर दहाच मिनिटांनी, त्याच सभेत, मुलांसाठी चालणारा रविवारचा मराठी वर्ग बंद करून ती रक्कम गणेशोत्सवाच्या मंडपाकडे वळवावी अशी सूचना आली, आणि तिलाही टाळ्या पडल्या.

वरवर पाहता या दोन टाळ्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. आमच्या मते तो फार निकटचा आहे. व्याख्यात्यांनी ज्या दोन देशांची नावे घेतली, त्यांचा खरा वृत्तान्त सभेपुढे ठेवला गेला असता, तर दुसरी सूचना मांडण्याचे धाडस कोणाला झाले नसते. तो वृत्तान्त येथे देतो.

आधी 'लहान' या शब्दाचाच समाचार घेऊ. मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. इस्राएलचे क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे एक कोटी. दोन्ही देशांची माणसे एकत्र केली, तरी आजच्या अंदाजाप्रमाणे आमच्या बंगळूर शहराची भरती होणार नाही. ज्या महादेवपुरा मतदारसंघात आमची मारतहळ्ळी येते त्या एकट्याची मतदारसंख्या सहा लाखांच्या वर आहे. म्हणजे असे दोन मतदारसंघ शेजारी शेजारी ठेवले की मॉरिशस तयार. आता लहानपणात सुख असते, तर महादेवपुऱ्यात ते वर्तुळमार्गावरच्या वाहनांच्या रांगेत उभे राहिलेले आम्हांला एव्हाना दिसले असते. २०२४ च्या मार्च महिन्यात येथल्या कूपनलिका आटल्या आणि टँकरवाल्याच्या मर्जीवर घरोघरचे स्नान अवलंबून राहिले, तेव्हा मतदारसंघाच्या आटोपशीर आकारमानाचे सांत्वन कोणाला वाटल्याचे आम्ही ऐकले नाही. आकारमान हा सुखाचा हिशेब नव्हे. त्या आकारमानात कोण, कोणत्या अटीवर, कोणाच्या शेजारी राहतो हे पाहावे लागते. आणि ते पाहू लागले की हे दोन देश एका वाक्यात बसत नाहीत.

मॉरिशस घ्या. इंग्रजांनी हे बेट १८१० साली फ्रेंचांकडून जिंकून घेतले. १८३५ साली तेथील गुलामगिरी संपली. पण उसाला माणसे लागतच होती. ती हिंदुस्थानातून करारावर न्यावयास १८३४ पासूनच सुरुवात झाली होती आणि पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या वर माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही निर्यातीची बंदरे. त्यांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान, आणि त्या लहान वाट्यात आपले कोकणातले लोक. करार पाच वर्षांचा, पुरुषाला पगार महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा रोज कापायचा. या 'दुहेरी कापणी'ची कीर्ती आमच्या वक्त्यांच्या कानी गेलेली दिसली नाही. धक्क्यावरच्या दप्तरात उतरणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण यांची नोंद होई. नोंदणारा कारकून आमच्याच पेशाचा, पण त्याच्या कानाला मराठी ठाऊक नव्हती. त्याने जे ऐकू आले ते रोमन अक्षरांत उतरवले, आणि त्या एका दिवसाच्या ऐकण्याची शिक्षा कित्येक घराणी आजतागायत आडनावात भोगीत आहेत. ज्याने दप्तर सांभाळले आहे त्यालाच कळेल की लेखणीची अशी चूक दुरुस्त करावयास किती पिढ्या अपुऱ्या पडतात. ते दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे, आणि तो धक्का, आप्रवासी घाट, २००६ साली जागतिक वारसास्थळ ठरला.

स्वातंत्र्य मिळाले १२ मार्च १९६८ ला. ते मिळाले तेव्हा हा देश सुखी होईल असे कोणी म्हणत नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या समितीने १९६१ मध्येच इशारा देऊन ठेवला होता, की ऊस एकटा, माणसे अफाट, तेव्हा बेकारीतून सुटका कठीण. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईमध्ये दंगली उसळल्या आणि इंग्रजी फौज आणावी लागली. या देशाने मीड यांचे भाकीत खोटे पाडले याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. १९७० पासून निर्यातीचे कारखाने उभे राहिले, १९७५ नंतर युरोपने साखर चढ्या भावाने घेतली, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले. दवाखाना फुकट, म्हाताऱ्यांना पेन्शन, विद्यार्थ्यांना व वृद्धांना बस फुकट. आणि खडे सैन्य मुळीच नाही. हे सर्व खरे आहे व कौतुकास्पद आहे.

पण लहान देशाचे सुख दुसऱ्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले असते, ही अर्धी गोष्ट वक्त्यांनी गाळली. युरोपने २००६ पासून साखरेचा भाव एकतृतीयांशाहून अधिक उतरवला आणि २००९ मध्ये तो जुना साखर-करार संपवला, तेव्हा बेटावरच्या ऊसकऱ्याला विचारले कोणी नाही. कपड्याच्या जागतिक वाटणीची पद्धत २००५ साली मोडली, कारखाने डगमगले. जे उरले त्यांत आज बांगलादेश, मादागास्कर आणि हिंदुस्थानातूनही करारावर आणलेले मजूर राबतात. ज्या बेटावर आमचे पूर्वज कराराने गेले, तेथे त्यांचे वंशज आता कराराने माणसे आणवतात! २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचे वय साठावरून हळूहळू पासष्टावर नेण्याचे ठरले, कारण म्हातारे वाढले आणि मुले कमी झाली. आणि जुलै २०२० मध्ये 'वाकाशियो' नावाचे एकच जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढले व त्याचे तेल खाजणात शिरले, तेव्हा साऱ्या राष्ट्राची छाती दडपली. लोकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून त्याचे बांध तरंगत सोडले. त्या पाचटाच्या बांधांबद्दल आम्हांला गणेशचतुर्थीच्या सुट्टीपेक्षा कितीतरी अधिक आदर वाटतो.

आता त्या सुट्टीकडेच येऊ, कारण आमच्या सभेतील अर्ध्या टाळ्या तिच्यासाठी होत्या. मॉरिशसमध्ये मराठीला काय नाही? प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मराठी शिकवली जाते, पगारी शिक्षक आहेत, पाठ्यपुस्तके आहेत. महात्मा गांधी संस्थेत उच्च शिक्षणाची सोय आहे. नभोवाणीवर मराठी कार्यक्रम होतात. मराठी भाषकांच्या संघाला संसदेच्या कायद्याने जन्म दिला आहे. शीलाबाई बापू यांच्यासारखी मराठी घराण्यातली बाई मंत्रिपदी बसली. कोकणची जाखडी तेथे अजून नाचतात. आणि एवढे असूनही घराच्या उंबऱ्याच्या आत मराठी बोलणारी कुटुंबे तेथे हाताच्या बोटांवर मोजावी इतकी उरली आहेत. आजी नातवाशी बोलते ती क्रिओलमध्ये. नातू शाळेत मराठीची परीक्षा देतो, गुण मिळवतो, आणि घरी येऊन क्रिओलमध्ये पाणी मागतो.

ही क्रिओल कोण? तर उसाच्या मळ्यात गुलामांच्या आणि मालकांच्या फ्रेंचमधून उगवलेली बोली. तिला शतकानुशतके ना शाळा होती, ना सुट्टी, ना मंडळ, ना मंडप. शिष्ट लोक तिला मोडकी फ्रेंच म्हणून नाक मुरडीत. शाळेच्या वेळापत्रकात तिला ऐच्छिक विषय म्हणून प्रवेश मिळाला तो २०१२ साली, म्हणजे साऱ्या बेटाची घरे जिंकून झाल्यावर. एकीकडे सर्व मानमरातब मिळूनही घर हरलेली भाषा, आणि दुसरीकडे काहीही न मिळता घर जिंकलेली भाषा. दोन्ही एकाच बेटावर. आम्ही असे म्हणत नाही, की मॉरिशसच्या सरकारने मराठीसाठी केले ते वाया गेले. ते नसते तर लिपीदेखील उरली नसती, आणि परक्या राज्यात लिपी उरणे ही लहान गोष्ट नव्हे. आमचे म्हणणे इतकेच, की सुट्टी हा भाषेच्या जिवंतपणाचा पुरावा म्हणून सभेत दाखवू नये. सुट्टी पूर्वजांच्या स्मरणार्थही दिली जाते.

इस्राएलची गोष्ट याच्या नेमकी उलट दिशेने चालते, म्हणून तर दोघांना एका वाक्यात कोंबणे आम्हांला खटकले.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून जी माणसे आली असे परंपरा सांगते, ती कोकणात तेलाच्या घाण्यांवर बसली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, आणि गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. नवगावकर, पेझारकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. कीर्तन मराठीत, पोथ्या मराठीत. वल्हांडणाची 'हगादा' मुंबईत १८४६ मध्ये मराठी अर्थासह छापली गेली. त्यांच्यापैकी शमुवेल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधले. धर्माखातर कोणी त्यांच्या वाटेला गेल्याचा दाखला कोकणच्या इतिहासात नाही. अशी ही माणसे, हिंदुस्थान स्वतंत्र झाला तेव्हा वीस हजारांच्या आसपास, १९४८ नंतर हळूहळू बहुसंख्येने उठून इस्राएलला गेली. हाकलले म्हणून गेली नाहीत. प्रार्थनेत रोज ज्या गावाचे नाव घेतले त्या गावी गेली.

तेथे काय झाले? आमच्या वक्त्यांच्या नंदनवनात पहिल्या दशकात शिधापत्रिका होती, तंबूंच्या व पत्र्यांच्या छावण्या होत्या. ते सर्वांच्याच वाट्याला होते असे म्हणता येईल. पण सर्वांच्या वाट्याला सारखे नव्हते. नोव्हेंबर १९५१ मध्ये बेने इस्राएलांच्या एका तुकडीने तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या दारात धरणे धरले, की आम्हांला रंगावरून कमी लेखले जाते, आम्हांला परत हिंदुस्थानात पाठवा. आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक माणसे खरोखर परत आली. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा इस्राएललाच गेली, हे आम्ही लपवीत नाही. मायभूमी दोन झाल्या की माणसाची अशीच ओढाताण होते. परंतु धरणे धरण्याची कला ही माणसे कोकण-मुंबईतूनच शिकून गेली होती एवढे तरी आपण अभिमानाने सांगावे की नाही? ते कोणी सांगत नाही, कारण ते नंदनवनाच्या चित्रात बसत नाही.

त्याहून मोठा घाव पुढचा. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने विवाह लावणाऱ्यांना आज्ञा दिली, की बेने इस्राएलांपैकी कोणाचा विवाह बाहेरच्या ज्यूशी ठरला तर त्याच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. दोन हजार वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना त्यांच्या स्वप्नातल्या देशात विचारले गेले, 'तुम्ही ज्यू कशावरून?' हे प्रकरण दोन वर्षे धुमसले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेला ठराव करावा लागला, की बेने इस्राएल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, इतरांच्या बरोबरीचे आहेत. मग धर्मपीठाने आज्ञेतून त्यांचे नाव काढले. मुंबईच्या वृत्तपत्रांत त्या वेळी यावर पुष्कळ लिहून आले होते. आजच्या आमच्या मंडळींना त्याचा मागमूस नाही.

राहावयास कोठे मिळाले? दिमोना, येरुहाम, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले. यांतली कित्येक गावे सरकारने नकाशावर बोट ठेवून वसवलेली. दिमोना १९५५ ची, अश्दोद १९५६ चे. नेगेवच्या त्या रखरखाटात सूतगिरण्या निघाल्या, त्यांत अलिबाग-पेणची माणसे पाळ्या करू लागली. उत्तरेचे पाणी दक्षिणेला नेणारी मोठी जलवाहिनी १९६४ मध्ये पुरी झाली, ठिबकाची तोटी निघाली, पुढे समुद्राचे पाणी गोडे करून घरोघर पोहोचवले. पाण्याच्या बाबतीत या देशाकडून शिकावे तेवढे थोडे. मारतहळ्ळीत टँकरची वाट पाहत बसलेल्या माणसाने तरी हे नाकारू नये. पण त्याच नेगेवमध्ये बेदुइनांच्या कित्येक वस्त्या अशा आहेत, की सरकारच्या लेखी त्या नाहीतच, म्हणून त्यांना नळ नाही की वीज नाही. नंदनवनाला कुंपण असते. आणि कुंपणाची किंमत आतल्यालाही द्यावी लागते: मुलगा अठराचा झाला की पलटणीत, मुलगीही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर जे युद्ध पेटले त्यात शेजारच्या गाझापट्टीत, जेमतेम ३६५ चौरस किलोमीटरात कोंडलेल्या वीस लाखांवर माणसांपैकी हजारो, हजारो मारली गेली. आणि जून २०२५ मध्ये इराणचे क्षेपणास्त्र बीरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर येऊन पडले, जेथे आमच्या कोकणच्या लेकरांच्याही खाटा असतात. 'लहान देश, सुखी देश' हे वाक्य यांपैकी कोणत्या खाटेजवळ उभे राहून उच्चारावे, हे वक्त्यांनी सांगावे.

पण आमचा मुद्दा भाषेचा आहे, आणि भाषेच्या बाबतीत इस्राएल मॉरिशसपेक्षा अधिक बोलका आहे. मराठीला तेथे सरकारने काहीच दिले नाही; सुट्टी नाही, पाठ्यपुस्तक नाही. तरी पहिल्या पिढीने ती घरात बोलली, गाणी म्हटली, एलियाहूच्या नावाने मलिद्याचे ताट मांडले, आणि 'मायबोली' नावाचे त्रैमासिक वर्षानुवर्षे त्या परक्या मुलखातून मराठीत काढले. नियतकालिक चालवणे म्हणजे काय हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. पुढची पिढी शाळेत गेली, हिब्रूत खेळली, पलटणीत हिब्रूत ओरडली. तिला मराठी कळते, बोलता येत नाही. तिसरीला कळतही नाही. मॉरिशसमध्ये शाळा होती आणि चूल गेली. इस्राएलमध्ये चूल होती आणि शाळा आली नाही. दोहोंकडे शेवटी नातवाच्या तोंडची भाषा दुसरीच झाली.

आता ज्या हिब्रूने तेथे मराठीला गिळले, तिचा स्वतःचा जन्म कसा झाला ते पाहा. एलिएझर बेन येहूदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला, तेव्हा हिब्रू ही प्रार्थनेची व पोथीची भाषा होती. स्वयंपाकघरात, पाळण्यापाशी ती कोणी बोलत नव्हते. १८८२ मध्ये त्याला मुलगा झाला, आणि त्याने ठरवले की या मुलाच्या कानावर हिब्रूवाचून शब्द पडू द्यावयाचा नाही. मुलाच्या आईला ती भाषा धड येतही नव्हती. वस्तूंना नावे नव्हती, ती घडवावी लागली. त्या हट्टाचा जाच त्या पोराला झाला असेल यात शंका नाही, आणि तसला जाच कोणी आपल्या मुलांना करावा असे आम्ही सुचवीत नाही. पण सनावळीकडे लक्ष द्या. इंग्रजी अमलात हिब्रूला राजभाषेचा दर्जा मिळाला १९२२ मध्ये. म्हणजे घर आधी आणि सरकार चाळीस वर्षांनी मागाहून. आणि सरकार हाती आल्यावर तीच भाषा किती निष्ठुर होऊ शकते, हेही पाहा: २०१८ च्या कायद्याने तेथल्या पाचव्या हिश्शाच्या नागरिकांची अरबी राजभाषेच्या पायरीवरून खाली उतरवली गेली.

येथे कोणी म्हणेल, की मारतहळ्ळी हा देश नाही आणि आपण येथे कराराने आलेले मजूर नाही की दोन हजार वर्षांनी परतलेले वंशजही नाही; आपली तुलना कशाला? खरे आहे. आम्ही केंद्र सरकारचे नोकर. बदलीचा कागद आला की ट्रंक उचलतो. आमच्या इमारतीतले बाकीचे मराठी लोक संगणकाच्या कचेऱ्यांत आहेत, त्यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. आपल्यापैकी पुष्कळांना हे गावच 'मराठ्यां'वरून नाव घेऊन बसले आहे असे ठासून सांगावयास आवडते. दुसरा पक्ष ते हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या 'मारुत' विमानाला चिकटवतो, जे १९६१ साली प्रथम उडाले, म्हणजे गाव वसल्यानंतर कितीतरी वर्षांनी. हा वाद ज्यांना रिकामपण आहे त्यांनी चालवावा. गावाच्या नावात मराठा सापडला म्हणून आमच्या मुलीला 'ळ' म्हणता येत नाही. आणि 'ळ' तिला आला तो, सांगावयास आनंद वाटतो, कन्नड शिकताना. हळ्ळी, कोळ, बेळकु म्हणता म्हणता. कन्नड आपल्या मुलांनी उत्तम शिकावी, हे आमचे ठाम मत आहे. ज्या मुलखाचे मीठ खातो त्याची भाषा न शिकण्याचा उद्दामपणा आम्हांला मान्य नाही, आणि मराठीच्या ऱ्हासाचे खापर कन्नडवर फोडणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. आमच्या घरातून मराठीला हुसकावणारी भाषा कन्नड नव्हे; ती आहे आम्ही स्वतः मुलांशी जी बोलतो ती, मोडकी इंग्रजी आणि तिच्या जोडीला मोडकी हिंदी. तीच आमची क्रिओल. तिलाही शाळेने आणले नाही, 'शूज घाल, लेट होतंय' म्हणत आम्हीच आणले.

आमच्या मुलांच्या शाळेत मराठी नाही, आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. अठरा प्रांतांची मुले एका वर्गात बसतात, तेथे कोणाकोणाची भाषा शिकवणार? येथे मॉरिशसचे सरकार नाही. तेव्हा घर आणि रविवारचा एक तास एवढेच आपल्या हाती आहे. बारा मुले आहेत. दोन भगिनी पैसे न घेता शिकवतात. एकीने बालभारतीची पुस्तके पुण्याहून आणवली, दुसरी मुलांकडून आजी-आजोबांना पत्रे लिहून घेते. खर्च म्हणावा तो खोलीच्या भाड्याचा. वर्षाचे भाडे आणि मंडपाच्या एका रात्रीची रोषणाई यांच्या पावत्या मंडळाच्या दप्तरात शेजारी शेजारी लावलेल्या आहेत, आणि रोषणाईची रक्कम मोठी आहे. आम्ही कारकून आहोत. आकडे पाहण्याची सवय जात नाही.

मंडपाच्या बाजूने जे बोलले गेले ते असे, की उत्सवात मुले येतात, आरत्या म्हणतात, संस्कृती आपोआप पोहोचते. वर्गात बारा, मंडपात चारशे. मंडप नको असे आम्ही म्हटलेले नाही. आम्ही वर्गणी देतो आणि पाट उचलावयास उभे राहतो. पण 'आपोआप' या शब्दाला मॉरिशसच्या मराठी माणसांनी दीडशे वर्षे अनुभवाने उत्तर दिले आहे. त्यांचा गणपती गेला नाही, आरती गेली नाही, जाखडी गेली नाही, बोलणे गेले. आमच्या मंडपातही गेल्या भाद्रपदात रोमन लिपीत छापलेल्या आरत्यांचे कागद वाटले गेले, आणि मुलांनी त्या तालासुरात म्हटल्या. त्यांतील एका मुलाला आम्ही 'संकष्टी' म्हणजे काय असे विचारले. 'फ्रायडे' असे त्याने उत्तर दिले, कारण त्या महिन्यात ती शुक्रवारी आली होती.

दुसरा युक्तिवाद असा, की मुले मोठी झाली की परदेशी जाणार, तेथे मराठीचे काय काम? त्यांना सिंगापूर दाखवा, इस्राएल दाखवा. दाखवा, मात्र पुरते दाखवा. दिमोनाच्या गिरणीत पाळी करून आलेला बाप आणि पलटणीतून सुट्टीवर आलेला मुलगा जेवणाच्या एका टेबलाशी बसतात आणि दोघांमध्ये बोलावयास पुरेल इतकी कोणतीच भाषा नसते, तेही दाखवा. बापाची हिब्रू बाजारापुरती, मुलाची मराठी जेवणापुरती. गरिबी हटली, नळाला पाणी आले, घर पक्के झाले, तरी हा तुटवडा राहतो, आणि राहणीमानाच्या कोणत्याही कोष्टकात त्याला रकाना नाही.

सूचना अजून मंजूर झालेली नाही; ती आषाढातल्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. आम्ही तिला विरोध नोंदवणार आहोत, आणि विरोध एकट्याचा ठरला तरी तो कार्यवृत्तान्तात लिहून घ्यावा असे चिटणीसांना आजच कळवून ठेवतो. वर्ग बंद झालाच, तर दुसऱ्या रविवारपासून तो सकाळी दहा वाजता आमच्या सरकारी घराच्या बाहेरच्या खोलीत भरेल. खोली दहा बाय बारा फुटांची आहे. कपाट सरकवले की बारा मुले बसतात, आम्ही सतरंजी घालून मोजून पाहिले आहे. फळा मात्र मंडळाने द्यावा.